साडेचारशे घोडे

त्याला सगळे साडेचारशे म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि त्याला ते आवडे. इंजिनं खोलून पुन्हा बांधणं हा त्याचा धंदा. त्यानं बांधलेलं इंजिन सहसा परत येत नसे. पण नाव मिळालं ते हाताच्या कामावरून नाही, जिभेवरून.

त्याची स्वतःची एक जुनी गाडी होती. दोन दारांची, लांब बोनेटची, आठ सिलिंडरची. भंगारवाल्याकडून ओढत आणलेली. लोकांची कामं आटोपली की तो तिच्या इंजिनाला हात लावी, आणि अशी बरीच वर्षं गेली. शेवटी ते इंजिन स्टँडवर पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेजारच्या गाळ्यांतली माणसं कानात बोटं घालून धावत आली. भिंतीवर टांगलेले पाने थरथरत होते. कुणीतरी ओरडून ताकद विचारली, "किती घोडे?" फडक्याला हात पुसत तो म्हणाला, "साडेचारशे." उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यानं काही मोजलं नव्हतं. त्या आवाजाला शोभेल असा आकडा तोंडात आला, एवढंच.

पुढे एकदा त्यानं मोजून घेतलं. दुसऱ्या शहरात, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, त्यानं गाडी रोलरवर चढवली. रोलरवर गाडी जागच्या जागी पळते आणि चाकांपर्यंत पोचणारी ताकद पडद्यावर दिसते. पडद्यावर तीनशे पाच आले. इंजिनापासून चाकांपर्यंत जे वाटेत गळतं ते धरलं, वर थोडं ओढूनताणून घेतलं, तरी साडेतीनशेच्या पुढे गाडी सरकेना. खरं तर इतक्या जुन्या इंजिनाला हे भरपूर होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यानं पाठ थोपटली असती. पण परतीच्या रस्त्यावर त्याला सारखं वाटत राहिलं की मागच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि त्याला सगळं ठाऊक आहे.

गावात त्यानं आकडा बदलला नाही. झाकली मूठ झाकलेलीच ठेवली.

ऑटोमॅटिक गाड्यांचा त्याला तिटकारा. "दोन पाय दिलेत ना? मग दोन्ही वापरा," असं तो म्हणे. त्याच्या गल्लीच्या टोकाला त्याचा एक मित्र ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करायचा. त्याला तो 'लंगड्यांचा डॉक्टर' म्हणायचा. मित्र हसायचा. मित्र वारल्यावर दुकान त्याच्या बायकोनं चालवायला घेतलं. आयुष्यभर ती नवऱ्याच्या शेजारी त्याच टेबलावर प्लेटा आणि झडपा मांडत आली होती. वेगळं शिकायला तिला कुठं जावं लागलं नाही. साडेचारशे तिला वहिनी म्हणे. लोकांत तिचा विषय निघाला की म्हणे, "बाई जिद्दीची आहे," आणि हे अशा सुरात म्हणे की ऐकणाऱ्याला वाटावं, दुकान आता फार दिवस चालत नाही.

मग त्याचा डावा पाय गेला. एकदम नाही. आधी अंगठा बधिर झाला, मग तळवा. डॉक्टर म्हणाले, नसांचं आहे, हळूहळू वाढेल. बायकोला त्यानं सांगितलं, बूट चावतोय. त्या गाडीचा क्लच दगडासारखा जड. एका दुपारी सिग्नलला गाडी गिअरमध्ये होती, पाय पॅडलवर होता, आणि पाय तिथून कधी निसटला ते त्याला कळलंच नाही. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. कडेवर बाळ घेऊन रस्ता ओलांडणारी एक बाई बोनेटपासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पिकल्या मिश्यांकडे पाहिलं. तिला वाटलं म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं.

"या वयात शोभतं का हे?" ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. पण खरं सांगितलं नाही. पाय गेलेला माणूस दिसण्यापेक्षा त्याला मवाली दिसणं परवडलं.

दुसऱ्या दिवशी तो वहिनीच्या दुकानात गेला. ती कोपरापर्यंत तेलात हात घालून काहीतरी चाचपडत होती.

"या भाऊजी. वाट चुकलात?"

"गाडीला ऑटोमॅटिक बसवायचाय."

"कुणाच्या?"

"माझ्याच." मग घाईनं, "म्हणजे हिला चालवायची आहे. हट्टच धरलाय."

"ताईंनी? ती एवढी मोठी होडी?"

"म्हणते खरी."

वहिनीनं हात बाहेर काढले, भुशात घोळवून कोरडे केले. "मग नीट सांगा. हे म्हणायचे, डॉक्टरला आणि गिअरबॉक्सवाल्याला खरं तेच सांगावं. तिसऱ्या कुणाला नाही सांगितलं तरी चालतं." तिनं गाडीचं वजन विचारलं. त्यानं बरोबर सांगितलं. कुठं चालवणार, कशी चालवणार, मागचं चाक किती मोठं, सगळं विचारलं. त्यानं सगळं बरोबर सांगितलं. नंतर तिनं त्याला टेबलाच्या पलीकडे नेलं. तिथं दोन गिअरबॉक्स पालथे पडले होते.

"हा मोठा. तीनच गिअर. ट्रकखाली आयुष्य काढलंय यानं. मोडीन म्हटलंत तरी मोडणार नाही. पण खादाड आहे. स्वतःच्याच फिरण्यात बरेच घोडे गिळतो. आणि हा दुसरा, चार गिअरचा, अंगानं हलका. मोठ्या रस्त्यावर चौथ्यात टाकलात की इंजिन गुणगुणत चालेल. साडेतीनशेपर्यंत याची जबाबदारी माझी. तेल थंड ठेवलंत तर तुमच्या माझ्यामागेही चालेल. साडेचारशेला मात्र वर्षभरात प्लेटा जळतील."

"मला टिकाऊ पाहिजे."

"टिकाऊ म्हणजे सगळ्यांत जाडजूड, असं नाही ना भाऊजी. इंजिनाला बेतलेला टिकतो. बॉक्सचंही तसंच, मधल्या कन्व्हर्टरचंही तसंच."

हे त्याला माहीत होतं. कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारं, तेलानं भरलेलं बंद लोखंडी भांडं. आत एक पंखा तेल ढकलतो आणि त्या तेलानं दुसरा पंखा फिरतो. क्लचचं काम तेच करतं. ते इंजिनाच्या जोरावर बेतायचं असतं. जोर फुगवून सांगितला तर भांडं इतकं घट्ट बसतं की इंजिनाला वर चढूच देत नाही, गळा धरून ठेवतं. याच कामात केस पांढरे झालेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तर घोडे किती धरू?" तिनं विचारलं.

हलका बॉक्स त्याच्या पुढ्यात पडला होता. त्याच्याच गाडीसाठी केल्यासारखा. दुकानात तिसरं माणूस नव्हतं. साडेतीनशे धरा, एवढंच म्हणायचं होतं.

"साडेचारशे," तो म्हणाला. "गावाला माहीत आहे की."

"गावाला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला विचारलं."

"साडेचारशेच."

"मग मोठाच बसवावा लागेल. खाईल तो."

"खाऊ दे. माझ्याकडे कमी नाहीत."

सीट बेतायची म्हणून वहिनीनं ताईंना घेऊन यायला सांगितलं. बायको आली. वहिनीनं कौतुकानं विचारलं तेव्हा तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, माझाच हट्ट." वहिनीनं सीट पुढे सरकवली, आरसा फिरवला. बायको स्टीअरिंग धरून गंभीरपणे बसून राहिली. घरी येताना ती त्याच्या डाव्या पायाकडे पाहत होती.

"बूट चावतोय ना?" मग ती म्हणाली.

त्यानं नजर रस्त्यावर ठेवली.

"मला आधी सांगायचं तरी. चारचौघांत माझ्या नावावर खपवलंत, तर आता शिकवा तरी गाडी."

"बघू."

"लग्न झाल्यापासून बघताय."

गाडी तयार झाली तेव्हा वहिनीनं चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि त्याला आत बसायला सांगितलं. "डाव्या पायानं ब्रेक दाबून धरा. घट्ट. उजव्यानं रेस द्या, पूर्ण. इंजिन कुठं अडतं ते बघू." ती खिडकीत वाकून इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत होती. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. पाय थरथरायला लागला. त्यानं मांडीवर हात दाबला तरी थांबेना. गाडी ठोकळ्यांवर चढू लागली.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी बसते."

तो उतरला, ती बसली. इंजिन गरजलं. काटा चढला आणि जिथं थांबायला हवा होता त्याच्या बराच खाली अडला. तिनं पुन्हा केलं. काटा पुन्हा तिथंच. कमी जोराच्या इंजिनाला जास्त जोराचं भांडं लावलं की काटा असाच खाली अडतो. तिला ते कळलं. तिला कळलं हे त्यालाही कळलं. तिनं इंजिन बंद केलं. छपरावरच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता.

"भाऊजी, आकडा पुन्हा एकदा सांगता का?" तिचा आवाज अगदी साधा होता. आजाऱ्याला, पाणी देऊ का, असं विचारावं तसा.

"साडेचारशे."

"बरं," ती म्हणाली आणि ठोकळे काढायला खाली वाकली.

रविवारी सकाळी जुन्या गाड्यांची मंडळी बंद कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर जमत. बोनेट उघडायची, चहा प्यायचा, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची. रंगारी त्याचा जुना दोस्त. गाड्या रंगवायचा आणि स्वतः एक लहानशी गाडी चालवायचा, जिला साडेचारशे 'साबणाची पेटी' म्हणे. त्या दिवशी दोघांच्या गाड्या शर्यतीला शेजारी उभ्या राहिल्या. मंडळींतल्या टायरवाल्यानं रुमाल खाली केला. पेटी सुटली. मोठी गाडी गाळातून पाय उपसावा तशी निघाली, आणि तिनं वेग धरला तोवर रंगारी पलीकडच्या टोकाला वळून परत निघालाही होता.

"काय रे, घोडं कुठं पेंड खातंय?" रंगारी खिडकीतून म्हणाला. सगळे हसले. तोही हसला.

"इंजिन तर तेच आहे," टायरवाला म्हणाला. "नवीन काय ते सांगा. बॉक्स. बाईच्या हातचं काम."

त्यानं बोनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. आत बघण्यासारखं काही नव्हतं. इंजिन स्वच्छ होतं, त्याचंच होतं. वरून आवाज आला, "बॉक्सच ना?"

"बघायला हवं," तो आतूनच म्हणाला.

तेवढं पुरलं. 'बघायला हवं' हे शब्द गल्लीतून फिरले. बाईनं साडेचारशेचा बॉक्स बिघडवला म्हणे. साडेचारशे सभ्य माणूस, तोंडानं काही बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याला साक्षीचं वजन आलं. महिन्याभरात टॅक्सीवाल्यांनी बॉक्स दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. ही बातमी बायकोनं घरी आणली, भाजी चिरता चिरता. "नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली. कुणाबद्दल ते बोलली नाही. चिरणं थांबवलंही नाही.

तो दुकानात गेला. सांगायचं असं ठरवूनच गेला. टेबल रिकामं होतं, पुसलेलं होतं. इतकं स्वच्छ टेबल त्यानं तिथं कधी पाहिलं नव्हतं. वहिनी स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे करत होती, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

"बरं झालं आलात," तीच आधी म्हणाली. "मी विचार केला. दुसरा कन्व्हर्टर घालते, ढिला. इंजिन वर चढेल, गाडी पळेल. लोक विचारतील, तर सांगा, बाईचं चुकलं होतं, तिनं दुरुस्त करून दिलं. तुमचं काही जाणार नाही."

"आणि तुमचं?"

"चूक सुधारणारीकडे लोक परत येतात. चूक न मानणारीकडे येत नाहीत. ती केलेली नसली तरी." तिनं एक स्क्रू उजेडात धरून पाहिला आणि दुसऱ्या डब्यात टाकला. "घरी लेकीचं शिक्षण चालू आहे, भाऊजी. मला मानापेक्षा काम हवंय."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर त्याला झेलता आला असता, वाद घालता आला असता. तिनं खरोखरच त्याचं खोटं उचलून आपल्या डोक्यावर घ्यायची तयारी केली होती, घमेलं उचलावं तशी. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो तसाच बाहेर आला.

त्या रविवारी त्यानं मंडळींना थांबवलं. "ऐका. बॉक्स बरोबर आहे. इंजिनच तेवढं नाही. साडेचारशे कधीच नव्हते. साडेतीनशे, तेही धरूनधरून. मी वहिनीला खोटं सांगितलं."

चहाचे पेले हातांत तसेच राहिले. मग टायरवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वा. याला म्हणतात मन."

"मन कसलं? खरं सांगतोय."

"मित्राच्या बायकोची बाजू सावरतोस. कळतं आम्हाला. आमच्यासमोर गरज नाही."

"अरे पण नाहीतच तेवढे."

"आम्ही कान धरून ऐकलंय ते इंजिन," दुसरा कुणी म्हणाला. "साडेचारशे ते साडेचारशे."

पहिल्यांदाच खरं बोलला होता, आणि लोकांनी तेही त्याच्या थोरवीत जमा करून टाकलं. आता तो नुसता साडेचारशे राहिला नव्हता, मोठ्या मनाचा साडेचारशे झाला होता. रंगारी मात्र हसत नव्हता. पेल्याच्या कडेवरून त्याच्याकडे पाहत होता.

"घोडामैदान जवळच आहे," साडेचारशे म्हणाला. "चला रोलरवर. सगळे चला."

शहराबाहेर गाड्या तपासायच्या जागी रोलर होता. पत्र्याची उंच शेड, एका बाजूला काच, काचेपलीकडे पडदा. मंडळी काचेशी ओळीनं उभी राहिली. गाडी पट्ट्यांनी जमिनीला बांधली. तिथल्या माणसानं विचारलं, "मी चालवू?" तो म्हणाला, "मीच." उजवा पाय पुरणार होता, ऑटोमॅटिकचं तेवढं तरी सुख. त्यानं रेस दिली. शेड हलली. चाकं फिरली, गाडी जागेवरच ताणली गेली, आणि काचेपलीकडच्या चेहऱ्यांकडे न बघता त्यानं पाय शेवटपर्यंत दाबला.

पडद्यावर दोनशे अठ्ठावन्न आले.

 टायरवाला बोटांवर मोजत म्हणाला, "हे चाकांवरचे. वाटेत गळतात त्यात धरा साठ."

"मोठ्या बॉक्सला सत्तर," दुसरा म्हणाला.

"आज ऊन किती आहे. गरम हवेत इंजिनाचा दम कमी पडतो. पंधरा-वीस त्याचे."

"बरोबर आहे, वीस धरा."

ते त्याच्यासाठी घोडे गोळा करत होते. एक जण बेरीज करत होता, बाकीचे आठवून आठवून टाकत होते. जुनं पेट्रोल, टायरातली हवा. बेरीज साडेतीनशेपर्यंत आली आणि दमली. टायरवाल्यानं आणखी एक कारण शोधलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. रंगारी बाहेर जाऊन उभा राहिला होता. गाडीच्या खिडकीची काच अर्धी उघडी होती. आत बसलेल्या साडेचारशेला सगळं ऐकू येत होतं.

लोकांचं हसणं त्याला अपेक्षित होतं. त्यासाठी तो तयार होऊन आला होता. त्यांनी नजर चुकवली, बुटांकडे पाहिलं, एकानं उगाच पट्ट्याची कडी तपासली. जाताना प्रत्येकाला निरोप घ्यायचा होता आणि त्याला काय म्हणून हाक मारायची ते कुणालाच सुचत नव्हतं. "बरंय," एवढंच म्हणून ते एकेक करून गेले.

तिथून तो थेट वहिनीकडे गेला. त्याच्याआधी बातमी पोचली होती. तिच्या टेबलावर कुणाचातरी बॉक्स उघडा पडला होता, आणि ती त्यातून प्लेटा काढून फडक्यावर मांडत होती.

"सगळ्यांसमोर मोजून घेतलं," तो म्हणाला.

"कळलं."

"आता कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही."

"नाही म्हणणार." तिनं एक प्लेट उलटून पाहिली. "टॅक्सीवाला मघाशी आलाही." थोडा वेळ ती काम करत राहिली. मग वर न पाहता म्हणाली, "एवढी माणसं कशाला जमवलीत, भाऊजी? मी एकटीनंच विचारलं होतं. दोनदा."

येताना त्याला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. ज्या दिवशी कुणी नव्हतं, नुसती ती खिडकीत वाकली होती आणि आकडा पुन्हा सांगता का म्हणाली होती, त्या दिवशी एका शब्दात सगळं मिटत होतं. तेव्हा त्याच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. निघाला तो शेड भरून माणसं उभी असताना. शरमेलासुद्धा त्यानं बघे बोलावले होते.

"चुकलं," तो म्हणाला. हे त्यानं इतक्या हळू म्हटलं की तिला ऐकू आलं की नाही, कळलं नाही. परत म्हणायला त्याला धीर झाला नाही.

"उभे का? बसा," ती म्हणाली.

"खाली बसलो की उठवत नाही. डावा पाय गेलाय. गाडी माझ्यासाठीच हवी होती, हिच्यासाठी नाही."

तिनं मान हलवली. तिला ते नवं नव्हतं. पायानं बुटकं स्टूल बाजूला सारलं आणि टेबलाखालून उंच स्टूल ओढून त्याच्यापुढे केलं. तो टेकला. तिनं मोठ्या बॉक्सचे बोल्ट ढिले करायची कोणती वेळ सोयीची ते विचारलं, हलका बॉक्स अजून तिच्याकडेच होता. तो उत्तर देत होता, पण बोलताना पाहत होता फडक्यावरच्या प्लेटांकडे. तिच्याकडे पाहायला त्याला त्या दिवशी जमलं नाही.